कुकी-संमतीचा बॅनर लावला, तरी ‘मान्य’ दाबायच्या आधीच गूगल ॲनालिटिक्सची कुकी का सेट होते?

जर्मनीतून ग्राहक येतात आणि युरोपात अशा कुकीसाठी आधी संमती लागते, म्हणून तुम्ही बॅनर लावलात, पण कुठलंही बटण न दाबता ‘अंडरस्कोर जीए’ ही ॲनालिटिक्सची कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) दिसते, असं तुम्ही लिहिलंय. बॅनर आपणहून काहीच अडवत नाही. जीटॅगचा, म्हणजे ॲनालिटिक्स चालवणारा गूगलचा, कोड आधी चालला की कुकी सेट झालीच, तीही गूगलच्या मूळ सेटिंगप्रमाणे दोन वर्षांची. बॅनर मागाहून येतो.

आधी खात्री करा. इन्कॉग्निटो विंडोत साइट उघडा, एफ-१२ दाबा आणि नेटवर्क टॅबमध्ये ‘कलेक्ट’ शोधा. त्या रिक्वेस्टमध्ये संमतीची स्थिती सांगणाऱ्या ‘जीसीएस’ची किंमत बघा: जी१०० म्हणजे नकार, जी१११ म्हणजे जाहिरात आणि ॲनालिटिक्स दोन्हींना होकार. ‘जीसीएस’ सापडतच नसेल तर कन्सेंट मोड, म्हणजे संमतीप्रमाणे गूगलच्या कोडचं वागणं बदलणारी सोय, जोडलेलाच नाही.

उपाय क्रमात आहे. ‘कन्सेंट डिफॉल्ट’ची आज्ञा ॲनालिटिक्स सुरू करणाऱ्या ‘कॉन्फिग’च्या आधी हवी आणि तिच्यात ॲड स्टोरेज, ॲनालिटिक्स स्टोरेज, ॲड यूजर डेटा, ॲड पर्सनलायझेशन हे चारही ‘डिनाइड’, म्हणजे नाकारलेले. बटण दाबल्यावर ‘कन्सेंट अपडेट’. गूगलचा टॅग मॅनेजर (असे कोड एका जागेवरून चालवणारं साधन) वापरत असाल तर डिफॉल्टसाठी ‘कन्सेंट इनिशियलायझेशन’ हाच ट्रिगर. ‘ऑल पेजेस’वर लावलात तर उशीर होऊ शकतो.

वर्डप्रेसवर मात्र एवढं करूनही गाडी अडते. साइट वेगवान करणाऱ्या कॅशिंग प्लगइनमधलं ‘डिले जावास्क्रिप्ट’ बॅनरची स्क्रिप्ट मागे ढकलतं, म्हणून ती त्यातून वगळा. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे गूगल ॲनालिटिक्सचा कोड दोनदा असणं, एकदा थीममध्ये आणि एकदा प्लगइनमध्ये. पेज सोर्समध्ये तुमचा मेजरमेंट आयडी (तुमच्या ॲनालिटिक्सचा ओळख-क्रमांक) शोधा. दोन ठिकाणी लोड होत असेल तर एक काढा.

वरच्या मांडणीत नकारानंतरही कन्सेंट मोड कुकीशिवायचे पिंग, म्हणजे छोटे संदेश, गूगलला पाठवतो. लहान साइटने त्या भानगडीत न पडता होकार मिळेपर्यंत ॲनालिटिक्सचा कोड लोडच करू नये, असं माझं मत.

‘मान्य’इतकंच ठळक ‘नाही’ ठेवा. आधीच टिक केलेला चौकोन संमती धरला जात नाही, हे युरोपीय न्यायालयाने २०१९मध्येच सांगितलंय. नाकारणं अवघड ठेवलं म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड केला होता. आपल्या २०२३च्या डिजिटल डेटा कायद्यातही संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

आणि कुणी संमती मागे घेतली तर जुनी कुकी आपोआप जात नाही. ती तुम्हालाच पुसावी लागते, तीही तोच डोमेन आणि तोच पाथ देऊन. नाहीतर ती जागची हलत नाही.