प्राचीन ज्ञानाचा आजच्या जगण्याला खरोखर उपयोग आहे का, आणि तो ओळखावा कसा?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: प्राचीन ज्ञानाच्या पुनर्शोधाविषयी सध्या सगळीकडे बोलले जाते, काहींना प्रत्येक आधुनिक शोधाचे मूळ आपल्या पोथ्यांत दिसते, तर काही जण जुने ते सगळेच कालबाह्य म्हणून मोडीत काढतात, मग नोकरी-व्यवसायाच्या धबडग्यातल्या सामान्य माणसाने त्यातून नेमके काय घ्यावे आणि कशाच्या आधारावर घ्यावे? मी कोल्हापूरचा. आमच्या घरचा ऊस पूर्वी गुऱ्हाळावर जात असे, आणि मला आकाशनिरीक्षणाची आवड आहे. त्यामुळे उत्तर देताना मी ग्रंथांपेक्षा माझ्या डोळ्यांसमोरची उदाहरणे घेणार आहे. जे जुने ज्ञान आजही पडताळून पाहता येते, ते आपल्या उपयोगाचे आहे असे मी मानतो, मग ते कोणत्या भाषेत, कोणत्या जातीच्या हातांत किंवा कोणत्या ग्रंथात सांभाळले गेले याला महत्त्व नाही.

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव आपण ऐकून असाल. दर वर्षी 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी आणि 9, 10 व 11 नोव्हेंबर या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत, अशी अपेक्षा असते. प्रकाशाचा हा प्रवास जवळून पाहण्यासारखा असतो. महाद्वाराची कमान ओलांडून तो गरुड मंडपात येतो, पुढे गणपती चौक, कासव चौक, मग पितळी उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्याच्या चांदीच्या उंबऱ्याशी येऊन ठेपतो. सूर्य जसजसा क्षितिजाकडे झुकतो, तसतशी किरणे अधिकाधिक आडवी होतात आणि म्हणून आत व वर सरकतात. शेवटच्या काही मिनिटांत तर ही सरक नुसत्या डोळ्यांना कळते. गर्दीतील प्रत्येक जण त्या वेळी पश्चिमेच्या ढगांची चिंता करत असतो, आणि भाविकांच्या शेजारीच भौतिकशास्त्राची जाणकार मंडळी प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजत उभी असतात. श्रद्धा आणि मोजमाप यांचे असे एकत्र उभे राहणे मला फार मोलाचे वाटते.

आता या तारखांकडे पाहा. 10 नोव्हेंबर हा दिवस 21 डिसेंबरच्या 41 दिवस आधी येतो आणि 1 फेब्रुवारी त्यानंतर 42 दिवसांनी. म्हणजे सूर्याच्या दक्षिणेकडील टोकाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर हे दोन उत्सव आहेत. या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, दक्षिणेस सुमारे 17 अंश असते आणि कोल्हापूरच्या अक्षांशावरून तो नेमक्या पश्चिमेला न मावळता पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेकडे मावळतो. एवढ्या लांबलचक वास्तूच्या आरपार येऊन किरण गाभाऱ्यात पोहोचायचे, तर वास्तूचा अक्ष त्याच दिशेला साधलेला असावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, हा उत्सव तिथीवर बांधता येत नाही, कारण तिथी चंद्रावर चालते आणि सौर वर्षाच्या मानाने मागेपुढे होते. सूर्याच्या मावळतीची जागा मात्र दर वर्षी त्याच दिवसांना तीच राहते. ज्या समाजाचे बहुतेक सण तिथीने होत, त्याच समाजातील मावळतीची जागा ध्यानात ठेवणाऱ्या लोकांची ही जाण आहे. यासाठी दुर्बीण लागली नाही. एकाच जागेवरून, वर्षानुवर्षे, न कंटाळता पाहणे लागले.

याच किरणोत्सवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्यंतरीच्या काळात महाद्वाराच्या दिशेला बांधकामे वाढली, फलक आणि टाक्या आल्या, आणि किरणे कित्येकदा अर्ध्या वाटेवरच अडू लागली. मग मार्गाची पाहणी झाली, अडथळे नोंदवले गेले, काही दूर केले गेले, आणि अनुकूल हवामानात किरणे पुन्हा वरपर्यंत पोहोचल्याचे लोकांनी पाहिले. हवेतील बाष्प आणि धूळ यांचा परिणाम आजही होतोच. मला यात पुनर्शोधाचा अर्थ दिसतो. मंदिर जागेवरच होते, मूर्ती जागेवरच होती, पण पश्चिमेकडची वाट मोकळी ठेवण्याचे भान सुटले होते, आणि ते अभिमानाच्या भाषणांनी परत आले नाही. फीत, नकाशा आणि नोंदवही घेऊन काम करणाऱ्यांमुळे आले.

सवड झाल्यास शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही पाहा. शिलाहार राजांच्या काळातील या मंदिराच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही, तेथे गोल झरोका आहे, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्याच्या माथ्यावर येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिकात सूर्य जेवढा दक्षिणेला, साधारण तेवढाच चंद्र उत्तरेला, आणि खिद्रापूरचा अक्षांशही पावणेसतरा अंशांच्या आसपास. चंद्राची कक्षा थोडी कललेली असल्यामुळे दर वर्षी तो अगदी काटेकोर माथ्यावर येईलच असे नाही, पण जवळपास येतो.

यावरून आपल्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. या वास्तूंवरून त्यांचे आकाशनिरीक्षण आणि दगडावरील प्रभुत्व सिद्ध होते; त्याआधारे विमाने किंवा अवयवरोपण सिद्ध करायला जाणे म्हणजे खऱ्या कर्तृत्वाचा मान कमी करणे होय. खुद्द चरकसंहितेत ज्ञान तपासण्याची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. जाणत्यांचा शब्द हे त्यातील एक साधन आहे. उरलेली तीन आपल्या डोळ्यांची आणि बुद्धीची आहेत. जे ग्रंथ स्वतःच परीक्षा मागतात, त्यांचे नाव घेऊन परीक्षा नाकारणे हा त्यांचाच अवमान आहे. आजारपणाच्या बाबतीत तर हे फारच कसोशीने पाळावे. निदान झालेल्या रोगावरचे उपचार थांबवून कोणाच्याही सांगण्यावरून जुना काढा घेऊ नये, एवढे स्पष्ट सांगून मी पुढे जातो.

ग्रंथांत न उतरलेले ज्ञान मात्र याहून कितीतरी अधिक आहे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत संपत चालले आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कोल्हापूरचा गूळ सर्वांना माहीत आहे. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, तेव्हापासून या व्यापाराला मोठा आधार मिळाला. पण गूळ होतो तो गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली. चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, उसाचा रस तापू लागला की त्यात रानभेंडीचे पाणी घालतात. रानभेंडीची ताटे ठेचून पाण्यात भिजत ठेवली की बुळबुळीत द्रव सुटतो. तो गरम रसात पडला की रसातील बारीक गाळ आणि प्रथिने गोळा करून वर आणतो, आणि दाट मळीचा थर झाऱ्याने काढून टाकता येतो. चुना घालतात तो रसातील आम्लता मारण्यासाठी, म्हणजे गूळ नीट घट्ट बसतो. पण चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो, आणि किती चुना लागेल हे त्या उसावर आणि तो ज्या रानात वाढला त्या रानावर अवलंबून असते. खारवट जमिनीतील ऊस आला की जुना गुळव्या रस चाखूनच सावध होतो.

पुढची पायरी सर्वांत अवघड. पाक सुमारे 105 अंशांवर असताना उतरवला तर काकवी, म्हणजे पातळ गूळ, होते आणि 118 अंशांच्या आसपास उतरवला तर गूळ. या वरच्या टोकाला थोडीशी चूकही महागात पडते: लवकर उतरवला तर ढेप पाणी सोडते, उशीर झाला तर करपट वास लागतो. गुळव्या पाकाचे बुडबुडे पाहतो, उलथण्यावरून पडणारी धार पाहतो, चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतो, आणि मग काहील उतरवायला सांगतो. आज तापमापक सहज मिळतो आणि तो वापरलाच पाहिजे, असे माझे मत आहे. पण ऊस कोवळा आहे की जून, रस किती वेळ थांबला आहे, हे तापमापक सांगत नाही. दोन्ही एकत्र आले तर गूळ खरोखर उत्तम होतो.

दुर्दैवाने झाले ते वेगळेच. ग्राहकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, आणि तो रंग सोडियम हायड्रोसल्फाइटने, म्हणजे आमच्याकडे जिला हायड्रॉस पावडर म्हणतात तिने, झटपट येतो. हा रंग टिकत नाही, साठवणीत पुन्हा गडद होतो. तरी पेठेत पहिल्या दिवशी भाव मिळतो. रानभेंडी लावायची, आणायची, ठेचायची कोणी? अशा रीतीने एक पडताळलेली, निरुपद्रवी पद्धत मागे पडली, आणि तिला मागे सारण्यात विज्ञानापेक्षा आपल्या आवडीचा वाटा अधिक आहे. आधुनिक जीवनात जुन्या ज्ञानाचा उपयोग काय, असे आपण विचारता. तर तांबूस-तपकिरी गूळ मागून घेणे हा त्याचा एक अगदी साधा उपयोग आहे.

पुराचेही असेच. येथे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहनकाळातील वसाहतीचे अवशेष मिळाले; म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी घरे उंचावर बांधली होती. नदीलगतची गाळाची रानं पिकासाठी, राहणे वरच्या अंगाला, हा साधा विवेक होता. आम्ही मात्र नदीच्या हक्काच्या जागेत भराव टाकून वसाहती उभ्या केल्या. पूररेषेचे नकाशे आता आहेत. घर घेताना जुन्या माणसांना पाणी कुठपर्यंत येत असे ते विचारावे आणि तो नकाशाही पाहावा.

एका बाबतीत मला ठाम बोलायचे आहे. प्राचीन ज्ञानाचा गौरव करताना ते कोणाकोणाला नाकारले गेले हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, आणि कोल्हापुरात राहून तर ते शक्यच नाही. शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखीव ठेवल्या आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते याच नकाराला उत्तर म्हणून. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावणाऱ्या हातांनी जगाला कोल्हापुरी चप्पल दिली; 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतींतील टॅनिन कातड्यातील प्रथिनांना धरून ते कुजण्यापासून वाचवते, हे रसायनशास्त्र त्या हातांना अनुभवाने अवगत होते. पण त्याला विद्या म्हणायला समाज तयार नव्हता. वारसा पुन्हा शोधायचा तर शोधाची सुरुवात येथून व्हावी.

पुनर्शोध यशस्वी झाल्याची जगातील दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. चीनच्या यूयू तू यांनी हिवतापावर औषध शोधताना चौथ्या शतकातील एका जुन्या वैद्यकग्रंथात वाचले की, विशिष्ट वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा. उकळण्याचा उल्लेख तेथे नव्हता. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, हे त्यांनी त्यावरून ताडले, कमी तापमानावर ईथरने अर्क काढला, प्राण्यांवर आणि मग माणसांवर चाचण्या घेतल्या, आणि आर्टेमिसिनिन हाती आले. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुसरे उदाहरण आपल्या हळदीचे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने लिखित पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. लिहून ठेवलेले होते म्हणून हळद वाचली.

गुळव्याचे काही लिहून ठेवलेले नाही. म्हणून आपल्याला खरोखर काही करायचे असेल, तर आपल्या परिसरातील अशा एखाद्या जाणत्या माणसाकडे जा आणि नोंद करा: कोणता ऊस, कोणती जमीन, किती रसाला किती चुना, भेंडी किती वेळ भिजवली, कोणत्या खुणेवर पाक उतरवला, आणि उतरवताना तापमान किती होते. तो जे कारण सांगेल तेही लिहा, पटले नाही तरी लिहा, आणि शेजारी आपली शंका वेगळी नोंदवा. पुढे कोणी तपासायला बसले, तर दोन्हींची गरज पडेल. त्याचे नाव त्याच्या परवानगीने नोंदीवर घाला. कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. पाक रटरटत असताना गुळव्याला प्रश्न विचारू नयेत. आदण, म्हणजे एका वेळचा घाणा, उतरून पाक वाफ्यात, म्हणजे थंड होण्याच्या उथळ हौद्यात, ओतला की त्याला थोडी उसंत मिळते, तेव्हा तो मोकळेपणाने बोलतो.