बंद घरामागचा मांगर बघून ये

बाय,

परवा फोनवर विचारलंस, सर, मतदार यादीत माणसं जास्त, वाडीत हिंडलं की कमी, जनगणनेचा आकडा तिसराच, मग गावाच्या विकास आराखड्यात कुठला लिहू? घाटावरून आलीयस, गोंधळ होणारच. पण माझ्याकडे उत्तर एकच आहे, दारापर्यंत जा. खुर्चीत बसून हा जिल्हा कळत नाही.

सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, तालुके आठ. २००१ ला इथे ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१. महाराष्ट्र एकूण वाढत होता आणि आपण घटलो. हजार पुरुषांमागे १०३६ बायका, कारण बाप्ये मुंबईला. आता बघ, २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. फेब्रुवारीत चाकरमानी गावात असतो का? तो येणार शिमग्याला, मे महिन्यात, नाहीतर गणपतीला, आणि तेव्हा तुझ्या नळाला पाणी पुरणार नाही, लोक तुलाच बोलणार. आरोग्य उपकेंद्राला डोंगरी भागात ३००० लोकसंख्या लागते, पण म्हातारीला घाटी उतरून तिथवर जायला किती वेळ लागतो ते त्या नियमात कुठेच नाही.

२०११ च्या जनगणनेत मी पर्यवेक्षक होतो. हाताखाली घरोघरी मोजणारे सहा प्रगणक, सगळे मास्तर, दिवसा शाळा आणि संध्याकाळी मोजणी. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीतलं एक घर 'बंद' म्हणून आलं. १ ते ५ मार्च फेरतपासणी असते, ती त्यासाठीच असते. मी गेलो नाही, सही केली. जूनमध्ये दुसऱ्याच कामाला तिकडे गेलो तर घराचं छप्पर बसलेलं आणि मागच्या मांगरात, म्हणजे गुरांच्या खोपीत, म्हातारी चूल फुंकत होती, बाजूला गाय. म्हणाली, "झील मुंबैक असता. माका मोजूक कोण इलोच नाय." (मुलगा मुंबईला असतो, मला मोजायला कोणी आलंच नाही.) मी तिथेच खळ्यात उभा राहिलो, बोलायला काही सुचलं नाही.

तारीख डोक्यावर होती, वरून रोज फोन, सहा जणांचे फॉर्म एकट्याने तपासायचे, माझ्या जागी कोणीही सहीच केली असती. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय आणि त्यात खोटं काही नाही. तरी ती म्हातारी मोजली गेली नाही ती माझ्या सहीने. म्हणून परत सांगतो, दारापर्यंत जा, आणि दार बंद दिसलं तर मागे जा.

वेळ नाही म्हणू नकोस, मला राग येतो त्याचा. बदलीचा अर्ज लिहायला वेळ मिळाला ना तुला? (कर हवी तर बदली, पण वाडी बघून कर.) फॉर्मवर २०११ चा आकडा टाकावाच लागेल, टाक. पण एक वेगळी वही कर, बारमाही राहणारे किती, सणाला येणारे किती, कुलूप कुठल्या घराला आणि चावी कोणाकडे. अंगणवाडीच्या सेविकेला सोबत घे, तिला प्रत्येक चूल माहीत असते. आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखव, इतिवृत्तात लिहून घे. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला, परत फेब्रुवारीच, तोवर तुझी वही तयार पाहिजे.

या रविवारी व्हाळापलीकडच्या वाडीपासून सुरुवात कर. हातात काठी ठेव, तिथल्या साकवाच्या, त्या छोट्या लाकडी पुलाच्या फळ्या मागच्या पावसातच कुजल्यात.