पासष्टीनंतर स्वतःच्या घराण्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 66, नोकरी संपली, पणजोबांच्या काळावर कादंबरी लिहायची आहे. हाताशी खोकाभर कागद, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या चार गोष्टी आणि 91 वर्षांच्या आत्या. एवढ्यावर जमेल का, नातेवाईक दुखावतील का, की आता उशीरच झाला?

उशिराचं आधी मिटवून टाकते. मी 64व्या वर्षी सुरुवात केली, आज 71 आहे, एक कादंबरी लिहून झाली. अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं पहिलं पुस्तक 1932 साली आलं तेव्हा त्या 65 वर्षांच्या होत्या. मला मात्र त्यांच्या वयापेक्षा दुसरीच गोष्ट कामाला आली. त्यांनी लहानपणाच्या आठवणी आधी ‘मी’ म्हणून लिहिल्या होत्या, त्या प्रकाशकांनी घेतल्या नाहीत. मग त्यांनी त्यातल्या ‘मी’ची ‘ती’ केली, वयं थोडी पुढेमागे सरकवली, तान्हेपणी गेलेला भाऊ तर गोष्टीतून वगळूनच टाकला. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. तोवर मी प्रत्येक वाक्य ‘हे खरंच असं झालं होतं का?’ या धाकात लिहीत होते, म्हणजे खरं तर लिहीतच नव्हते.

पहिली दोन वर्षं माझी तशीच गेली. चार जाडजूड वह्या टिपणांनी भरल्या, प्रकरण एकही नाही. माहिती जमवत बसलं की लिहायचं टळतं आणि वर लोक कौतुकही करतात. तुमच्याकडे खोकाभर कागद आहेत म्हणता, म्हणून आधीच सावध करते.

मला सोडवलं ते पणजोबांच्या 1918 सालच्या खर्चाच्या वहीने. बारीक तिरकं अक्षर, प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. ऑक्टोबरात 11 दिवस कोरे आहेत. बाराव्या दिवशी नोंदी पुन्हा सुरू होतात, पण अक्षर गोल, शाई फिकी आणि बेरजेखाली एकच रेघ. काकांना विचारलं तर म्हणाले, “आजारी असतील, दुसरं काय!” विषय संपला. माझी कादंबरी त्या 11 दिवसांची आहे. आगापिछा काही नाही.

तुम्ही ‘पणजोबांचा काळ’ म्हणता. तो काळ बाजूला ठेवा, एक दिवस निवडा. इटलीतल्या सिसिली बेटावरचे लेखक लाम्पेदूसा उतारवयात आपल्या पणजोबांवर कादंबरी लिहायला बसले तेव्हा त्यांचा मूळ बेत फक्त 24 तासांचा होता: 1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गॅरिबाल्डी त्या बेटावर उतरला तो दिवस. पुढे ती बरीच पसरली, पण पाय रोवायला एक दिवस होता. (1957 मध्ये ते गेले आणि पुस्तक 1958 मध्ये निघालं. तेव्हा रोज थोडं तरी लिहाच.)

आता इतिहासाबद्दल. ऐतिहासिक म्हटलं की लोक लढाया आणि राजे शोधायला जातात. घरगुती कादंबरीला लागतो तो इतिहास वेगळा. 1918ची इन्फ्लुएंझाची साथ घ्या. एरवी फ्लूमध्ये तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जास्त दगावतात. त्या साथीत 20 ते 40 वयाची धडधाकट माणसंही मोठ्या संख्येने गेली. हे वाचलं आणि घरातला एक जुना प्रश्न सुटल्यासारखा झाला: आजोबांना त्यांच्या आजीनेच का वाढवलं, मधली पिढी कुठे गेली?

पहिल्या खर्ड्यात मी डॉक्टरांच्या तोंडी ‘विषाणू’ घातला होता आणि त्यांच्याकडून पेनिसिलिनच्या गोळ्याही देववल्या होत्या. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला 1933 मध्ये. पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं ते 1940 नंतरच्या दशकात. दोन्ही खोडलं. मग डॉक्टरांच्या हातात काहीच उरलं नाही. ते खुर्ची ओढून उशाशी बसतात, मनगट धरून ठोके मोजतात, परत मोजतात, आणि पहाटे कोणाकडे न बघता छत्री उचलून निघून जातात. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात पसंत असलेलं पान तेच, आणि ते चूक दुरुस्त करताना मिळालं.

अशा चुका भाषेतही लपतात. माझी पणजी एका ठिकाणी चक्क ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणाली होती. एकीने चिठ्ठी बॉलपेनने लिहिली होती, तेही 1918 मध्ये! एकदा सगळं मोठ्याने वाचून काढा. असले शब्द डोळ्यांना दिसत नाहीत, कानाला लगेच टोचतात.

आणखी एक काम लिहायच्या आधी करा. मोठ्या कागदावर आडवी वर्षं, उभी माणसं, आणि चौकटीत त्या वर्षीचं प्रत्येकाचं वय. आमच्याकडे आजोबांची एक शौर्यकथा होती. पुराच्या रात्री म्हणे त्यांनी एकट्याने दोन भावंडांना माळ्यावर चढवलं. तक्ता केला तर त्या वर्षी आजोबा पाच वर्षांचे! मग चढवलं कोणी? वर एक बहीण होती, 14 वर्षांची. आमच्या वंशावळीत मुलींची नावंच नाहीत, म्हणून ती दिसत नव्हती. गोष्ट तिची होती आणि कधीतरी तिच्या भावाच्या नावावर चढली.

नातेवाईक दुखावतील का? हो. नावं बदलली तरी सगळे स्वतःला ओळखतात, आणि जे पुस्तकात नाहीत तेही ओळखतात. वहीतलं ते गोल अक्षर मी पणजीचं केलं. चुलत भाऊ म्हणाला, “तिला लिहिता येत नव्हतं, तू खोटं लिहिलंस.” असेलही. सुरुवातीच्या पानावर मी एवढंच छापलं: ‘वही खरी, बाकी कल्पित.’ भाऊ अजून फोनवर तुटक बोलतो. हयात माणसांच्या आजारपणाबद्दल, पैशाबद्दल किंवा लग्नाबद्दल मात्र मी एक ओळही घेतली नाही आणि तुम्हीही घेऊ नका. तिथे ‘कल्पित’ म्हणून सुटका नसते.

वयाचा एक फायदा मला लिहिताना कळला. त्या ऑक्टोबरात पणजी जेमतेम 30 वर्षांची होती. मी चाळिशीत लिहायला बसले असते तर ती मला ‘पणजी’च वाटली असती, शहाणी आणि सोशीक. आता ती माझ्या मुलीहून लहान आहे. ती घाबरली असेल, चिडली असेल, तिच्याकडून चुका झाल्या असतील, हे आता मला लिहिता येतं.

बाकी कामाचं सोपं आहे. रोज 300 शब्द. डोळे थकले की फोनला मराठीत सांगा, तो लिहून घेतो. नावांची वाट लावतो, ती नंतर सुधारा.

पण वही-पेन घ्यायच्या आधी आत्यांकडे जा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हणू नका, त्या शंभरदा सांगितलेल्याच गोष्टी सांगतील. विचारा, घराचं दार आत उघडायचं की बाहेर? रात्री दिवा कोण विझवायचं? आजोबा रागावले की कुठे जाऊन बसायचे? फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि त्या गप्प झाल्या की तुम्हीही गप्प राहा. दुसरं वाक्य बहुधा त्यानंतर येतं. 91 वय म्हणालात ना? या आठवड्यातच जा.