‘सांगायचं राहून गेलं’

प्रश्न : आमच्या संयुक्त खात्यातून नवऱ्याने आठ महिन्यांत पाच वेळा मला न सांगता पैसे काढले. विचारलं तर म्हणाला, ‘अगं, सांगायचं राहून गेलं. चूक झाली, आता किती उगाळशील?’ मधल्या काळात बँकेचे मेसेजही मला येत नव्हते. मी फार ताणतेय का?

उत्तर : नाही. ‘चूक’ हा शब्द तुम्हाला खुपतोय, आणि तो खुपायलाच हवा.

‘मी लपवलं’ या वाक्यात लपवणारा समोर उभा असतो. ‘राहून गेलं’, ‘गैरसमज झाला’, ‘हातून घडलं’ म्हटलं की तो वाक्यातून अलगद बाहेर पडतो. माणूस स्वतःच्या मनाची टोचणी कशी बोथट करतो हे मांडताना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अशा सौम्य शब्दांचा वेगळा उल्लेख केला आहे. ही सारवासारव फक्त तुमच्यासाठी नसते, ती त्याला स्वतःलाही लागते.

विसराळू माणूस स्वतःच्या फायद्याच्या गोष्टीही विसरतो. इथे पाचही वेळा विसर एकाच बाजूला पडलाय. खरा प्रश्न मात्र मेसेजचा आहे. ते कोणी बंद केले असतील तर ती कृती आहे, विसर नव्हे. पण आरोप करण्याआधी बँकेत विचारा : नोंदवलेला नंबर बदलला का, कधी, कोणाच्या विनंतीवरून? तांत्रिक बिघाडही असू शकतो, आणि तसं निघालं तर तो मुद्दा सोडून द्या.

बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, पाचही तारखा आणि रकमा कागदावर लिहा, मग बोलायला बसा. ‘खोटं का बोललास?’ नको, त्यावर तो स्वतःच्या स्वभावाची बाजू मांडत बसेल. एकेका तारखेवर बोट ठेवून ‘हे कशासाठी काढलेस?’ एवढंच विचारा. कर्ज, व्यसन किंवा नुसती लाज, काहीही बाहेर येऊ शकतं, तेव्हा मधे तोडू नका. आणि ‘तुझी चूक’ हे शब्द तुम्हीही वापरू नका, नाहीतर त्याचं म्हणणं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल. ‘मी पैसे काढले आणि तुला कळू दिलं नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं. माफ करायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा. त्या निर्णयाची घाई नाही.

तोवर तुमचा नंबर मेसेजसाठी पुन्हा नोंदवा आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील अशी सोय खात्यावर करता येते का, ते बँकेत विचारा. बोलताना तो पुन्हा ‘झालं’वर आला, तर वाद न घालता उठा आणि दोन दिवसांनी तोच कागद घेऊन परत बसा.