कापडावर बांगलादेश वर आला, मग सोलापूर का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गरीब देश आधी कापड आणि कपड्यांच्या धंद्यावर उभे राहतात असं अर्थशास्त्रात शिकवतात. बांगलादेश, व्हिएतनाम तसेच वर आले. मग शंभर वर्षांपूर्वीच गिरण्या, माग आणि हाताला सवय असलेले कामगार असूनही सोलापूर का राहिलं? त्यावर एकाने 'युनियनमुळे' असं एका शब्दात उत्तर दिलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मागावर दोन्ही. वडिलांचे यंत्रमाग होते. मी मागावर टिकलो नाही, हिशेबाच्या कामात पडलो आणि पुढची पंचवीस वर्षं सूत व्यापाऱ्यांच्या आणि मागवाल्यांच्या वह्या लिहिल्या. तेव्हा माझं उत्तर वह्यांतलं आहे, विद्यापीठातलं नाही.

आधी गिरण्यांचं. इथली जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ सालची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली, हजारो लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार आपल्या हातात घेतला. राज्यघटना लागू व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते! भागधारक कोर्टात गेले. पहिला खटला १९५० मध्ये सरकारने जिंकला. द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात मात्र डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोबदला न देता असा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच आहे. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली ती अशाच काही निकालांवर उतारा म्हणून. आमच्या शहरातल्या एका गिरणीचा घटनादुरुस्तीत वाटा आहे हे सोलापुरातही फार कुणाला ठाऊक नसतं.

हे लांबण लावलं ते एवढ्यासाठी की बुडालेल्या कारखान्याचं करायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या दिवसापासून कोर्टात आणि मंत्रालयात सुटत आलाय, बाजारात नाही. कारखाना बंद करणं अवघड, म्हणून मोठा काढणंही जोखमीचं. त्यात १९५६ च्या धोरणाने गिरण्यांना नवे माग बसवण्यावर बंधन घातलं. हेतू हातमागवाला वाचवण्याचा होता. हातमागवाला वाचला नाहीच, मधल्या जागेत यंत्रमाग उगवले. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्यातलं कसब गल्लोगल्लीच्या पत्र्याच्या शेडमध्ये विखुरलं.

आता आमच्या शेडमधलं गणित सांगतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

वडिलांनी आठ मागांवर सुरुवात केली आणि ते वाढवत चोवीसवर नेले. एका कामगाराकडे दोन माग, म्हणजे एका पाळीला बारा माणसं, दोन पाळ्यांना चोवीस. तेव्हा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कारखाना कायदा लागू व्हायचा, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी. वडिलांनी काय केलं? आठ माग स्वतःच्या नावावर, आठ अम्माच्या, आठ काकांच्या. तीन पाट्या, तीन मीटर, मध्ये एक अर्धी भिंत. प्रत्येक पाटीखाली आठ कामगार. कायद्याच्या दृष्टीने तिथे कारखाना नव्हताच. ही काही आमची एकट्याची हुशारी नव्हती. निम्म्या पूर्व भागात अशा अर्ध्या भिंती सापडतील.

बरं, हे सगळं चोरी म्हणून सोडून देता येत नाही, कारण सरकारही हेच सांगत होतं. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या अशी यादी सुरू झाली. सुरुवातीला ४७ वस्तू होत्या, पुढे ती आठशेच्या वर गेली. शिवलेले कपडे त्या यादीत होते आणि ते बाहेर काढायचं ठरायला २००० साल उजाडलं. विजेचं तर आजही तसंच. राज्यात यंत्रमागाच्या वीज सवलतीला २७ अश्वशक्तीची रेघ आहे. २०२४ मध्ये जादा सवलत जाहीर झाली, ती रेघेखालच्याला युनिटमागे एक रुपया आणि वरच्याला ७५ पैसे. लहानाला जास्त द्यावं यात चूक काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणतो. पण माझ्या वह्यांत मी असे कितीतरी लोक पाहिले ज्यांची सगळी अक्कल रेघेच्या अलीकडे कसं राहायचं यात खर्च झाली. चांगली चादर कशी काढायची, गिऱ्हाईक कुठे शोधायचं, हे डोक्याला शिवायला सवडच नव्हती.

आता बांगलादेश. त्यांच्याकडे कापूस नावापुरता, जुन्या गिरण्याही आपल्या मानाने थोड्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या 'देश गारमेंट्स' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० माणसं शिकायला कोरियाला पाठवली. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडून आपापले कारखाने काढले किंवा दुसऱ्या नव्या कारखान्यांत गेले. श्रीमंत देशांनी कपड्यांची आयात कोट्याने बांधलेला तो काळ. कोरियाचा कोटा भरलेला आणि बांगलादेशचा मोकळा, म्हणून कोरियन तिथे आले, हेही लक्षात ठेवा. नशीब होतंच. पण सरकारने दोन साध्या गोष्टी केल्या. बाहेरून आणलेलं कापड बंधपत्राखालच्या गोदामात ठेवा, कपडे होऊन परदेशी गेलं की त्यावर जकात नाही. आणि परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र, म्हणजे माल पोचला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, आपल्या बँकेत ठेवलं की त्याच्याच जोरावर कापड खरेदीचं दुसरं पतपत्र उघडून मिळायचं. म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही, पण हातात ऑर्डर आहे, तोही कारखाना चालवू शकत होता.

आमच्याकडे याच्या अगदी उलट. वडील सूत उधारीवर घ्यायचे एका व्यापाऱ्याकडून आणि तयार चादरी द्यायचे त्यालाच. सुताचा भाव तो ठरवणार, चादरीचाही तोच. मधलं जे उरेल ती मजुरी. माग आमचे होते एवढंच, बाकी आम्ही त्याचे कामगारच. १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान सुधारणेची योजना आली, नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात पाच टक्के सवलत. वडील बँकेत गेले. बँकेने जागेचा उतारा मागितला. जागा आजोबांच्या नावावर, वारस सात, त्यातले दोन तेलंगणात. योजना छान होती हो! ज्यांचे कागद चोख होते त्यांनी ती घेतली, शटल नसलेले माग आणले, आणि आज सोलापूरचे टॉवेल परदेशात जातात ते त्यांचे. त्यामुळे 'सोलापूर बुडालं' असं मी म्हणत नाही. वर चढायची शिडी होती, पण तिची पहिली पायरी छातीएवढ्या उंचीवर होती.

बांगलादेशचं फार कौतुकही नको. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून अकराशेच्या वर माणसं मेली, बहुतेक कपडे शिवणारी. त्या देशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या कपड्यांचा आहे. सगळी अंडी एकाच टोपलीत, आणि टोपली युरोपच्या शुल्कमाफीवर टांगलेली. पण तिथल्या लाखो बायका घराबाहेर पडून महिन्याचा पगार घेऊ लागल्या, हे नाकारता येत नाही.

आमच्याकडच्या बायका घरातच राहिल्या, विड्या वळत. अम्मा रोज हजारभर वळायची. सकाळी पानं भिजवून कापायची, दुपारभर वळायची, संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायची. तिथला तपासणारा छाट म्हणून मूठभर बाजूला काढायचा, ती गेलीच. हे काम वाईट, तंबाखूचा खकाणा वाईट. पण मागावर मंदी आली की घर विड्यांवर चालायचं. आणि गंमत बघा, आमच्या घरात एकट्या अम्माकडे ओळखपत्र होतं आणि भविष्यनिर्वाह निधी होता. चोवीस मागांचा मालक असलेल्या वडिलांकडे काहीच नव्हतं.

ते मिळालं युनियनमुळे, हे त्या एका शब्दात उत्तर देणाऱ्या भाऊंना सांगायचंय. माकपचे कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजारांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये मोदींनी केलं. डाव्यांचं आंदोलन आणि दोन वेगवेगळ्या पक्षांचे पंतप्रधान. माझी मावशी कुंभारीलाच राहते. पत्र्याच्या खोलीतून स्लॅबच्या घरात जाणं काय असतं हे तिला विचारा. तरी एक गोष्ट मला खटकते. या शहराला राजकारणातून मागायला घर सुचलं, घरकुल मिळवण्याची ताकदही होती, पण पाणी, प्रोसेसिंगचा (कापड धुण्या-रंगवण्याचा) कारखाना, सुतासाठी कर्ज यांच्यासाठी तशी ताकद कधी उभी राहिली नाही. घर प्रत्येकीला वेगळं मोजून देता येतं. सामायिक सांडपाणी केंद्र कुणाच्या नावावर करणार?

पाण्याचं नाव काढलं म्हणून. आमचा जिल्हा कमी पावसाचा, वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. आणि राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात, तिसाच्या वर! उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरता न येणारं तळचं पाणी. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आम्हाला पाठ आहे. सोलापूर शहराने कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी पाहिलंय. टॉवेल रंगवायला, धुवायला पाणी लागतं, म्हणून डाइंगवाला टँकर घेतो आणि तो खर्च टॉवेलवर चढतो. ऊसवाल्याचा मला राग नाही. ज्या पिकाला सरकारने ठरवलेला दर आहे आणि घ्यायला जवळच कारखाना आहे, ते सोडून तो ज्वारी का लावेल? पण कारखान्याचा चेअरमन आमदार होतो, सूत उधारीवर घेणारा मागवाला नगरसेवकाच्या पलीकडे क्वचितच जातो. पाणी कुणीकडे वाहणार हे यातच ठरतं.

तुम्ही देशांची तुलना केली आहे, तर आपल्या देशाचा आकडाही सांगतो. देशाच्या एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा आपल्याकडे कित्येक वर्षं १३-१७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. २०१४ मध्ये तो २५ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं. डॅनी रॉड्रिक हे अर्थतज्ज्ञ याला अकाली निरुद्योगीकरण म्हणतात, म्हणजे देश श्रीमंत होण्याआधीच कारखानदारी ओसरू लागते. ब्राझीलला, आफ्रिकेतल्या देशांनाही हेच झालं. स्वयंचलित यंत्रं, चीनची स्पर्धा ही त्यांची कारणं मला पटतात. पण सोलापुरात बसून ते शब्द वाचले की वाटतं, आमचं निरुद्योगीकरण झालं नाही, आमचे माग अजून खडखडतायत. ते मोठे झाले नाहीत, एवढंच. कारण लहान राहण्यात मागवाल्याला वीज स्वस्त, व्यापाऱ्याला मागवाला स्वस्त, पुढाऱ्याला मतं स्वस्त. तोटा झाला तो आमच्या पोरांना, पण तीही आता सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात, त्यामुळे ओरडायला इथे कुणी उरत नाही.

दोन महिन्यांपूर्वी चुलतभाऊ हिशेब घेऊन आला होता. धंदा बरा आहे, वीस माग आहेत, आणखी आठ घ्यायचेत. मी म्हटलं, आता तरी एकाच छताखाली, एकाच नावाने नीट कारखाना काढ, निर्यातवाला दारात येईल. त्याने वहीच्या मागच्या पानावर अश्वशक्तीची बेरीज केली, २७ च्या वर गेली. नवे माग गेल्या आठवड्यात बसले. मीटर वहिनीच्या नावावर आहे.