एज नोडने दुसऱ्याचं काम का करावं?

एज नोड म्हणजे वापरकर्त्याजवळच हिशेब करणारं नेटवर्कमधलं उपकरण. ही उपकरणं एकमेकांना साथ का देतील, हे गेम थिअरीने (डावपेचांच्या गणिताने) तपासायचं असेल, तर सुरुवात थेट शॅप्ली व्हॅल्यूपासून, म्हणजे एकत्रित फायदा प्रत्येकाच्या योगदानाप्रमाणे वाटण्याच्या सूत्रापासून, करू नका. वाटणी न्याय्य होते खरी, पण ती नेमकी काढायला नोड्सच्या प्रत्येक संभाव्य गटाची किंमत लागते. 20 नोड्स म्हणजे दहा लाखांहून जास्त गट.

आधी दोनच नोड घ्या. दुसऱ्याचं काम केलं की आपला सीपीयू आणि बॅटरी खर्च होते, म्हणून एकाच फेरीचा खेळ असेल तर दोघंही हात वर करतात. फायद्याचे नेहमीचे आकडे धरा: फसवणाऱ्याला 5, दोघांनी साथ दिली तर 3, दोघांनी नाकारलं तर 1, फसलेल्याला 0. एकदा फसवलं की कायमचा बहिष्कार, असा नियम असेल तर पुढची फेरी होण्याची शक्यता निम्मी किंवा जास्त असताना सहकार्य टिकतं. सतत येणारी-जाणारी उपकरणं इथेच घोळ करतात. जो पुन्हा भेटणारच नाही, त्याची भीड कोण ठेवणार?

खरी मेख पुढे आहे. अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने भरवलेल्या, याच खेळाच्या संगणकी स्पर्धांमध्ये रॅपोपोर्टची 'जशास तसे' चाल (आधी साथ, मग समोरच्याने मागच्या फेरीत केलं तेच) जिंकली, हे सगळेच सांगतात. पण नेटवर्कमध्ये पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवतं, आणि समोरच्याला तो नकार वाटतो. मग दोन प्रामाणिक नोड एकमेकांना शिक्षा देत बसतात! अधूनमधून माफ करणारी चाल ठेवा आणि सिम्युलेशनमध्ये पॅकेट लॉस मुद्दाम घाला.

प्रतिष्ठेचे गुण देणार असाल तर नवी ओळख फुकट मिळू देऊ नका; बदनाम नोड नव्या नावाने परत येतो. आणि पेपरात समतोल (जिथून एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) सिद्ध केलेला दिसला, तर तिथवर पोचायला किती संदेश लागतात ते आधी बघा.