उत्तर: आदेश येईपर्यंत पालकांना काय सांगायचं?

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. राजापूर तालुक्यातली वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा, पावसात भिंत खचली, मुलं देवळाच्या सभामंडपात बसतात. दुरुस्ती होणार की मुलं शेजारच्या शाळेत पाठवणार, हा निर्णय वर अडकलाय. पालक रोज विचारतात आणि तुम्हाला वरून सांगितलंय की लेखी आदेश येईपर्यंत काही बोलायचं नाही. हे शेवटचं वाक्य मीही नोकरीत असताना ऐकलंय, म्हणून लिहिते.

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या केंद्रावर देखरेख करणारी. नियम बदलत असतात, तेव्हा ताजा शासन निर्णय तुम्हीच पाहून घ्या. सभेची नोटीस, इतिवृत्त, सह्या हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पण दापोली-मंडणगडचीही दैना करून गेलं. माझ्या केंद्रातल्या एका शाळेचं छप्पर गेलं. कोरोनामुळे शाळा तशीही बंद होती, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. पंचनामा झाला, प्रस्ताव गेला. मग एका कार्यालयाने, नाव घेत नाही, ठरवून टाकलं की निधीचं नक्की होईपर्यंत गावाला काहीच सांगायचं नाही. मुख्याध्यापिका फोन करायच्या, उत्तर यायचं, ‘कळवू.’ शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर कधीच आलं नाही.

त्या वर्षी मुंबईहून चाकरमानी मुलाबाळांसकट गावी येऊन राहिले होते. त्यांतल्या काहींना मुलांची नावं इथेच घालायची होती. वर्षानुवर्षं घटत आलेला पट, म्हणजे मुलांची संख्या, वाढण्याची ती संधी होती. पण शाळा पुन्हा भरणार का, याचं उत्तर ना बाईंकडे ना माझ्याकडे. मग वाडीत ज्याला जे सुचेल ते खरं ठरू लागलं. शाळा बंदच करणार आहेत. जागा कुणाला तरी द्यायची आहे. बाईंची बदली झालीसुद्धा. एकेक पालक दाखला घेऊन गेला. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी तिठ्यापर्यंत येऊ लागली. 1 डिसेंबर 2021 पासून पहिलीपासूनचे वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा आमच्या शाळेवर नवं छप्पर चढलेलं होतं आणि खाली बसायला जेमतेम काही मुलं उरली होती. त्यावर त्याच कार्यालयाचं पत्र आलं: पट का घटला याचा खुलासा सादर करावा.

मला आजही त्याचा राग येतो. पैसे उशिरा आले हे मी समजू शकते, वादळानंतर सगळीकडेच मागणी होती. पण ‘प्रस्ताव गेलाय, निधी आलेला नाही, आला की छप्पर होणार आहे’ एवढं सांगायला काय खर्च होता? तेवढं कळलं असतं तर निम्मे पालक थांबले असते, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुम्ही गप्प राहू नका. निर्णय तुमच्या हातात नाही, पण तीन गोष्टी तुम्ही आजही सांगू शकता. प्रस्ताव सध्या कुणाच्या टेबलावर आहे. तोपर्यंत मुलं कुठे बसतील आणि पोषण आहार कुठे शिजेल. आणि तुम्ही पुन्हा कधी येऊन सांगणार. या तिसऱ्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन. वार ठरवून द्या आणि त्या दिवशी वाडीत जाच, नवीन काही नसलं तरी. ‘अजून काही आलेलं नाही’ हे समोर उभं राहून सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. ‘काळजी करू नका, शाळा बंद होणार नाही, मी आहे’ असं मात्र चुकूनही बोलू नका. उद्या वरून उलटं आलं तर त्या वाडीत तुमचा कुठलाच शब्द चालणार नाही.

वरिष्ठांचं काय करायचं? मी असते तर सांगायचा मजकूर चार ओळींत लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवला असता: पालकांना एवढं सांगत आहे, काही दुरुस्ती असल्यास कळवावी. बहुतेक जण त्यावर हरकत घेत नाहीत. काहींना हे आवडणार नाही, तुमच्या साहेबांना तुम्ही जास्त ओळखता. पत्रकाराचा फोन आला तर तो त्यांच्याकडेच वळवा. पालकांना वस्तुस्थिती सांगणं वेगळं आणि वर्तमानपत्रात धोरणावर बोलणं वेगळं. दुसऱ्यात सेवेचे नियम आड येतात.

कुणाला आधी कळतं यावर बरंच अवलंबून असतं. शाळेतल्या शिक्षकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ग्रुपवरून बातमी कळू देऊ नका. गावातले लोक पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात आणि त्यांचा चेहरा बघून अंदाज बांधतात. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या महिला सभेत खरोखर येऊन बोलतील अशी वेळ ठेवा, कारण रोज पोराला सोडायला त्याच जाणार आहेत. लावणीच्या दिवसांत दुपारची सभा लावलीत तर रिकाम्या खुर्च्या दिसतील, दिवेलागणीनंतर ठेवा. कोळीवाड्यातली मुलं असतील तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वडीलमंडळीही भेटतात.

गावाच्या मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाला, विसरू नका. त्यांना गणपतीत आल्यावर अर्धवट काही कळलं तर विसर्जनापर्यंत दुसरा विषय नसतो. मंडळाच्या सचिवांना आधीच फोन करा. छप्पर, भिंत यांसाठी हीच माणसं कधीकधी वर्गणीही उभी करतात.

आता अंतराचं. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी हा नियम कागदावर मोजला जातो. आपल्याकडे त्या एका किलोमीटरात पऱ्या (ओढा) असतो, चढण असते, आणि जुलैत साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जातं. पालकांसमोर ‘शेजारची शाळा जवळच आहे’ असं म्हणण्याआधी भर पावसात दोन पालकांबरोबर ती वाट चालून या, फोटो काढा आणि वर पाठवा. वाट न चालता बोललेला अधिकारी लोकांच्या लगेच ध्यानात येतो. आणखी एक. 2023 च्या सप्टेंबरात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा झाली, तेव्हापासून प्रत्येक वाडीत ती भीती बसलेली आहे. तुमच्या शाळेचा विषय फक्त पडक्या भिंतीचा असेल तर तसं स्पष्ट सांगा.

ओघात पावसाच्या सुट्टीबद्दलही सांगते. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा जुना आदेश तारीख कापून दरवर्षी फिरतो. तुमच्या संदेशाची पहिली ओळ वार, तारीख आणि तालुका अशीच असू द्या. बरीच मुलं आजीआजोबांकडे असतात, त्यांना पीडीएफ उघडता येत नाही. आवाजी संदेश पाठवा आणि तोच मजकूर शाळेच्या फलकावर लिहा. वीज गेली की रेंजही जाते, तेव्हा पोलीस पाटील आणि वाडीतल्या एकदोन घरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शेजारच्या शाळेत पाठवायचंच ठरलं, तर मुलांच्या वाहतूक भत्त्याचं आधी लेखी घ्या: मिळणार की नाही, किती आणि कोणत्या महिन्यापासून. ते हातात आल्याशिवाय सभेत गाडीचा विषय काढू नका. अध्यक्षांनी दिलेल्या प्रत्येक अर्जाला, ‘विचाराधीन आहे’ एवढंच का असेना, सही-शिक्क्याचं उत्तर द्या.